मृत्यूनंतरचे अपत्य : प्रश्न विचारायचा केव्हा?

खटाव-माण भागातल्या वाचकांना या लेखाचा विषय वाटतो तितका परका नाही. वडूजच्या जनावरांच्या दवाखान्यात माजावर आलेली गाय भरवायला नेली, की डॉक्टर एका अरुंद तोंडाच्या, जाड भिंतीच्या भांड्यातून चिमट्याने एक बारीक कांडी बाहेर काढतात. भांड्याच्या तोंडाशी पांढरे धुके दिसते. कांडी अर्धा मिनिट कोमट पाण्यात धरतात आणि मग रेतन करतात. ज्या वळूचे ते रेत असते, तो वळू त्या दिवशी जिवंत असतोच असे नाही. चांगल्या वळूच्या कांड्या तो गेल्यावरही वर्षानुवर्षे वापरल्या जातात, आणि त्यात गायवाल्याला काही वावगे वाटत नाही.

मेंढ्यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात १९६८ साली काही मेरिनो मेंढ्यांच्या नरांचे वीर्य गोठवून ठेवले होते. पन्नास वर्षांनी ते बाहेर काढून ५६ माद्यांमध्ये रेतन केले, तेव्हा ३४ माद्या गाभण राहिल्या. अलीकडे गोठवलेल्या वीर्याने जेवढे यश येते, जवळपास तेवढेच. त्या नरांना मरून कित्येक वर्षे झाली होती. म्हणजे वीर्य गोठवल्यानंतर अर्ध्या शतकाने कोकरू जन्माला येऊ शकते, हा आता प्रयोगाने सिद्ध झालेला साधा भाग आहे.

माणसाच्या बाबतीत तंत्र हेच आहे. पण वळूला कोणी काही विचारत नाही. माणसाला विचारावे लागते. आणि ज्याला विचारायचे तोच उत्तर देण्यासाठी उरलेला नसेल, तर? या लेखात मुख्यतः या विचारण्याविषयी सांगायचे आहे. मात्र त्याआधी, गोठवलेली पेशी जिवंत राहते तरी कशी, हे नीट समजून घेऊ.

बर्फाच्या कप्प्यात चुकून राहिलेली काकडी आपण सर्वांनी पाहिलेली असते. बाहेर काढल्यावर ती लिबलिबीत होते आणि तिचे पाणी सुटते. पाण्याचे बर्फ होताना टोकदार स्फटिक बनतात आणि ते पेशींची आवरणे फाडतात. पण नुकसान एवढ्यावर थांबत नाही. पेशीभोवतालच्या द्रावातले शुद्ध पाणी आधी गोठते, त्यामुळे उरलेल्या पाण्यात क्षार दाट होत जातात. ते दाट खारे पाणी पेशीतले पाणी बाहेर ओढून घेते. लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटते, तोच हा परासरणाचा प्रकार. हळू थंड केले तर पेशी अशी आक्रसून मरते, झटकन थंड केले तर आतल्या बर्फाने मरते. या कात्रीतून वाट कशी काढायची, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाला नीटसे साधले नव्हते.

ती वाट १९४९ साली सापडली, आणि तीही काहीशी अपघाताने. लंडनजवळच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे तिघे कोंबड्याचे शुक्राणू साखरेच्या द्रावात गोठवून पाहत होते. यश येत नव्हते. काही महिन्यांनी शीतगृहातली जुनी बाटली काढून त्यांनी प्रयोग पुन्हा केला, आणि शुक्राणू चक्क हलू लागले! बाटलीवर साखरेचे नाव होते. उरलेल्या द्रावाचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा त्यात साखर नव्हतीच. ग्लिसरॉल आणि अल्ब्युमिन निघाले. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या नीट लावा, असे आपण मुलांना बजावतो ते योग्यच आहे. पण अनपेक्षित उत्तर आले तर ते फेकून न देता त्याच्या मागे लागावे, हे शिकवायलाही या गोष्टीसारखी दुसरी गोष्ट नाही.

ग्लिसरॉल काय करते? काकवी बर्फाच्या कप्प्यात ठेवून पाहा. ती घट्ट होते, पण तिचा खडखडीत बर्फ होत नाही. साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात आणि त्यांना स्फटिकाच्या रांगेत उभे राहू देत नाहीत. ग्लिसरॉलचेही तसेच, पण त्याचा रेणू लहान असल्याने तो पेशीच्या आतही शिरतो. त्यामुळे आतबाहेर बर्फ कमी बनतो आणि क्षारही फारसे दाटत नाहीत. शुक्राणू तर आकाराने लहान, त्यात पाणीही थोडे. म्हणून त्याला हा उपाय चांगला मानवतो. तरी साधारण निम्मे शुक्राणू या प्रवासात मरतात. उरलेले द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवले, की पेशीतल्या रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात. पेशी जगत नाही आणि मरतही नाही. तिच्यापुरता काळच थांबतो. अशा शुक्राणूंपासून मानवी गर्भधारणा झाल्याची पहिली नोंद १९५३ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात झाली.

आता रुग्णाकडे वळू. कर्करोगावरची बरीच औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्कपेशी तशा असतात, पण केसांच्या मुळांतल्या, आतड्याच्या अस्तरातल्या आणि वृषणातल्या शुक्राणू घडवणाऱ्या पेशीही तशाच असतात. केस पुन्हा येतात. शुक्राणू पुन्हा तयार होतीलच अशी खात्री देता येत नाही. म्हणून केमोथेरपीचा पहिला डोस देण्याआधी तरुण रुग्णाचे वीर्य गोठवून ठेवावे, असा सल्ला दिला जातो. स्त्रियांसाठी बीजांडे गोठवण्याची सोय आहे. बीजांड ही मोठी, पाण्याने भरलेली पेशी असल्याने ते काम अधिक नाजूक असते, आणि त्याआधी दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात. बरे होऊन पुढे संसार करता यावा, हा या सगळ्याचा मूळ हेतू. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत तो तसाच राहतो. पण काही रुग्ण वाचत नाहीत, आणि नमुना मागे राहतो.

पुण्यातली घटना बऱ्याच वाचकांना आठवत असेल. जर्मनीत उच्च शिक्षणासाठी गेलेल्या एका तरुणाला २०१३ साली मेंदूत गाठ असल्याचे कळले. केमोथेरपीआधी तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याचे वीर्य गोठवले गेले. आपल्या मृत्यूनंतर त्याचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याने आई आणि बहिणीला लेखी दिला होता. २०१६ साली तो वारला. आईने, जी स्वतः शिक्षिका होती, तो नमुना पुण्यास आणवला. एका अनामिक दात्रीच्या बीजांडांशी फलन करून तयार झालेले भ्रूण नात्यातल्याच एका स्त्रीने आपल्या गर्भाशयात वाढवले. १२ फेब्रुवारी २०१८ रोजी सह्याद्री रुग्णालयात जुळी नातवंडे जन्मली, एक मुलगा आणि एक मुलगी.

ज्या देशात हे वीर्य साठवले होते, त्या जर्मनीत हाच उपचार गुन्हा ठरला असता. तिथल्या १९९० च्या भ्रूणसंरक्षण कायद्यानुसार, पुरुष मृत झाला आहे हे माहीत असताना त्याच्या वीर्याने बीजांड फलित करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच पेशी, तेच तंत्र. फक्त सीमा ओलांडली. एवढ्यावरून लक्षात येईल, की याचे उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात नाही. कायदा आणि समाज मिळून ते ठरवतात, आणि ठिकठिकाणी वेगवेगळे ठरवतात.

तरी या ठिकाणी एक गोष्ट विज्ञानाने स्पष्ट सांगायला हवी. अशा प्रसंगी ‘गेलेला मुलगा परत आला’ असे म्हटले जाते. त्या आईच्या भावनेपुढे आम्ही नम्र आहोत. पण विद्यार्थ्याने वर्गात विचारले, तर उत्तर नाही असेच द्यावे लागेल. शुक्राणूत माणसाच्या ४६ गुणसूत्रांपैकी २३ येतात, प्रत्येक जोडीतले एक. कोणते येईल हे नाणेफेकीसारखे ठरते. म्हणजे नुसत्या या निवडीचेच २ चा २३ वा घात, अर्थात ८३,८८,६०८ प्रकार होतात. जोडीतल्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची देवाणघेवाण होते ती वेगळीच. उरलेली निम्मी गुणसूत्रे दात्रीची. आजीचा वाटा सरासरी पाव. जन्मलेले मूल हे नवे माणूस असते, कोणाची प्रत नव्हे. त्याने मृताची जागा भरून काढावी, ही अपेक्षा त्या मुलाच्या पाठीवर जन्मापासून ओझ्यासारखी बसू शकते. वंशाचा दिवा हा शब्द आपल्याकडे फार सहज वापरला जातो, म्हणून हे जरा लांबवून लिहिले.

पुण्याच्या घटनेत निदान मृताची इच्छा लिहिलेली होती. मुंबईत २०२५ साली याच्या उलट घडले. कर्करोगाने गेलेल्या एका अविवाहित तरुणाने उपचारांच्या काळात वीर्य गोठवून ठेवले होते. त्या वेळी भरलेल्या अर्जात, आपला मृत्यू झाल्यास नमुना नष्ट करावा, हा पर्याय त्याने निवडला होता. त्याच्या मृत्यूनंतर आईने नमुना मागितला. घराण्याचा वंश पुढे चालावा, ही तिची इच्छा. मुलाने कुटुंबाला न विचारताच ती निवड केली, असे तिचे म्हणणे होते. केंद्राने नकार दिला. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम सुनावणीपर्यंत नमुना सांभाळून ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला. कारण सरळ होते : नमुना आधीच नष्ट झाला, तर सुनावणीला अर्थच उरणार नाही.

एका बाजूला मृताची लेखी निवड, दुसऱ्या बाजूला आईचे दुःख. आमचे मत विचाराल, तर मृताच्या शब्दाला पहिले स्थान मिळाले पाहिजे. आपल्या पश्चात आपले मूल जन्मावे की नाही, हा निर्णय ज्याचा त्याचा आहे. आईवडिलांचे प्रेम कितीही खरे असले, तरी तो त्यांच्याकडे वारसाहक्काने जात नाही. पण हे म्हणताना आमच्यावरही एक प्रश्न उलटतो. तो शब्द खरोखर त्याचा शब्द होता का? निदान होऊन चार दिवस झालेत, पुढच्या आठवड्यात केमो सुरू व्हायची आहे, घरात रडारड चालू आहे. अशा वेळी पुढे आलेल्या छापील अर्जांच्या गठ्ठ्यात एका ओळीपुढे केलेली खूण. ती विचारपूर्वक केलेली असू शकते. ‘मी बरा होणारच आहे, हे कशाला वाचू’ म्हणून केलेलीही असू शकते. त्या एका खुणेवरून दोन्हींत फरक करता येत नाही. म्हणून मृताच्या शब्दाला मान द्यायचा, तर तो शब्द घेताना घाई नको.

वेळ अगदीच निघून गेल्यावर काय होते, ते वडोदऱ्यात दिसले. जुलै २०२१ मध्ये कोविडने अत्यवस्थ, बेशुद्ध असलेल्या पतीचे वीर्य काढून ठेवावे म्हणून पत्नीने गुजरात उच्च न्यायालयात धाव घेतली. पती संमती देऊ शकत नव्हता, आणि संमतीशिवाय रुग्णालय हात लावू शकत नव्हते. २० जुलैला न्यायालयाने तातडीने परवानगी दिली, २२ जुलैला पती वारला. जीवरक्षक यंत्रणेवर असलेला रुग्ण, बाहेर नातलग, आणि घड्याळाशी शर्यत. रुग्णाचे शेवटचे तास शक्य तितके शांत असावेत, हे अंत्यकाळच्या शुश्रूषेचे पहिले सूत्र आहे. इथे त्याच तासांत वकील, अर्ज आणि शस्त्रक्रियेची तयारी शिरली. त्या पत्नीला आम्ही दोष देत नाही. तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

इंग्लंडमध्ये डायन ब्लड यांचा खटला असाच गाजला होता. १९९५ साली त्यांचे पती मेंदूज्वराने बेशुद्धावस्थेत असताना वीर्य घेतले गेले. लेखी संमती नसल्याने इंग्लंडमध्ये ते वापरता येईना. १९९७ साली अपील न्यायालयाने ते बेल्जियमला नेऊ दिले, आणि पुढे त्यांना दोन मुलगे झाले.

आपल्याकडचा कायदा आता काय म्हणतो? सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायदा आणि सरोगसी कायदा हे दोन्ही २०२१ चे. जानेवारी २०२२ पासून लागू झाले. २०२२ च्या नियमांनुसार मृत्यूनंतर बीजपेशी काढायच्या, तर जोडप्याची आगाऊ संमती हवी. अविवाहित व्यक्तीबद्दल तिथे मौन आहे. या मौनाचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. कर्करोगाने २०२० साली वारलेल्या एका अविवाहित तरुणाचे गोठवलेले वीर्य त्याच्या आईवडिलांना द्यावे, असा निकाल न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ रोजी दिला. पेशींच्या मालकाची संमती दिसत असेल, तर मरणोत्तर प्रजननास भारतीय कायद्यात बंदी नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याचा व्यापार करू नये, अशी अट घातली. मात्र दिल्लीच्या तरुणाने नमुना नष्ट करा असे लिहिले नव्हते. मुंबईच्या तरुणाने तो पर्याय निवडला होता. दोन खटल्यांत हा मोठा फरक आहे. शिवाय सरोगसी कायद्यानुसार ही वाट अटीत बसणारे विवाहित जोडपे, किंवा ३५ ते ४५ वर्षांची विधवा वा घटस्फोटित स्त्री, यांनाच खुली आहे. म्हणजे २०१८ साली पुण्यातल्या आजीने जे केले, ते आज त्याच मार्गाने करता येणार नाही.

योगायोग असा, की ती जुळी जन्मल्यानंतर पंचविसाव्या दिवशी, ९ मार्च २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्याविषयीच्या २०११ च्या निकालाने या विचाराची सुरुवात झाली होती. आपण बोलू शकणार नाही अशी अवस्था आली, आणि बरे होण्याची आशा उरली नाही, तर कृत्रिम श्वसनयंत्रासारखे उपचार चालू ठेवावेत की थांबवावेत, हे सज्ञान व्यक्ती आधीच लिहून ठेवू शकते. २०२३ साली न्यायालयाने ही पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष. आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्यांची नावेही त्यात लिहायची असतात. याचा अर्थ रुग्णाला वाऱ्यावर सोडणे असा नव्हे. वेदना, धाप, भीती यांवरची उपशामक शुश्रूषा शेवटपर्यंत चालू राहते. थांबतात ते निरुपयोगी उपचार.

या इच्छापत्राच्या निर्देशांत गोठवलेल्या बीजपेशींचा उल्लेख नाही. आणि वीर्यपेढीच्या अर्जात शेवटच्या दिवसांचा विचार नाही. एकाच माणसाच्या एकाच आजारपणातले हे दोन कागद, पण दोन वेगळ्या टेबलांवर भरले जातात, आणि दोन्हींची एकमेकांशी ओळख नसते. आमच्या मते खरी अडचण इथे आहे. मी जगलो नाही तर काय करायचे, हा एकच प्रश्न आहे, आणि तो एकत्र, शांतपणे विचारला गेला पाहिजे. तो विचारायला कर्करोगतज्ज्ञाला वेळ नसेल, तर उपशामक शुश्रूषेतले डॉक्टर, परिचारिका किंवा समुपदेशक यांनी विचारावा. नमुना नष्ट करणे, जोडीदाराला वापरू देणे, अन्य कोणाला निर्णयाचा अधिकार देणे, यांपैकी प्रत्येकाचा अर्थ सोप्या मराठीत सांगावा. आणि एकदा विचारून थांबू नये. उपचार संपल्यावर, आजार उलटल्यावर पुन्हा विचारावे. माणसाचे मत बदलते, आणि ते बदलायला त्याला मुभा हवी.

आपल्या शाळांमध्ये दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात काचनलिकेतील फलन, सरोगसी, वीर्यपेढी हे शब्द येतात. बहुतेक ठिकाणी ते दोन-तीन गुणांचे टीपेचे प्रश्न म्हणून उरकले जातात. त्याचे कारणही आम्हाला ठाऊक आहे, वर्गात खसखस पिकते. अशा वेळी जनावरांच्या दवाखान्यातल्या कांडीपासून सुरुवात केली, तर मुले गंभीर होतात असा अनुभव आहे. गोठ्यात वाढलेल्या मुलांना त्यातले बरेच आधीच माहीत असते. काकडी आणि काकवीचा प्रयोग घरी करून पाहता येतो. बारावीच्या मुलांपुढे मुंबईचा खटला ठेवून, तुम्ही न्यायाधीश असता तर काय केले असते, असे विचारता येईल. कोणा विद्यार्थ्याच्या घरात असा आजार आहे का, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे.

आणि एक व्यावहारिक माहिती. खटाव तालुक्यातला रुग्ण उपचाराला कराड, मिरज, पुणे किंवा मुंबईला जातो. जायच्या गडबडीत प्रवास, पैसे, सोबत कोण, एवढेच डोक्यात असते. वीर्याचा नमुना दोन-तीन दिवसांच्या अंतराने एक-दोनदा द्यावा लागतो. त्यासाठी उपचार फारसे लांबवावे लागत नाहीत. रक्ताच्या काही कर्करोगांत मात्र तेवढीही सवड नसते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, आणि औषधाचा परिणाम त्या मधल्या सगळ्या टप्प्यांवर होतो. म्हणून पहिला डोस दिल्यानंतर नमुना देण्याला फारसा अर्थ राहत नाही. गावातला तरुण असा उपचाराला निघाला असेल, आणि डॉक्टरांनी आपणहून विषय काढला नसेल, तर निदान होताच त्याने स्वतः किंवा सोबतच्या माणसाने विचारावे. अर्ज पुढे आला, तर तो रात्रभर मुक्कामी आणून वाचायला मागावा.